“स्वखुशीने जातोस ना?” – क्यूबा-पेरूला गेलेले चिनी गिरमिटिये आणि त्यांच्यावरची सरकारी देखरेख

शिडाचं गलबत

नमस्कार मंडळी,

गेले तीन-चार महिने मी एकाच अहवालात अडकून पडले आहे. तो १८७६ साली शांघायला छापला गेला. चीनच्या सरकारने क्यूबातल्या आपल्या मजुरांचे हाल जाणून घ्यायला एक मंडळ पाठवलं होतं, त्याचा हा अहवाल. रात्री वाचायला बसलं की दहा-बारा पानांच्या पुढे जाववत नाही. म्हटलं, इथे लिहावं, म्हणजे मन तरी हलकं होईल.

आधी थोडी पार्श्वभूमी. जून १८४७ मध्ये ‘ओकेन्दो’ नावाचं जहाज दोनशेच्या वर चिनी गिरमिटिये, म्हणजे ठरावीक वर्षांच्या कराराने बांधलेले मजूर, घेऊन हवानाला लागलं. तिथपासून १८७४ पर्यंत सुमारे सव्वा लाख चिनी माणसं क्यूबात उतरली आणि पेरूत आणखी लाखाच्या आसपास. क्यूबातला करार आठ वर्षांचा, पगार महिना चार पेसो. क्यूबात ऊस. पेरूत ऊस, कापूस आणि सुरुवातीच्या काळात चिंचा बेटांवर साठलेली समुद्रपक्ष्यांची विष्ठा खणून जहाजात भरायची, युरोपातल्या शेतांना खत म्हणून.

हा सगळा चोरटा धंदा असणार, रात्रीच्या अंधारात माणसं पळवायची आणि सरकारला पत्ता नाही, असं मला वाटायचं. पळवापळवी तर होतीच. पण कागद वाचायला लागल्यावर कळलं की जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर एक सरकारी माणूस टेबल मांडून बसलेला होता.

चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरचं पोर्तुगीजांचं ठाणं मकाव, तिथलंच बघा. पोर्तुगीज सरकारचा तिथे चिनी स्थलांतराचा खास अधीक्षक होता. गावागावांतून दलाल माणसं आणायचे. कुणाला नोकरीचं आमिष, कुणाला जुगारात हरवून कर्जात अडकवलेलं, कुणाला सरळ उचललेलं. मग त्यांना बराकीत कोंडायचं. जवळच्या कँटन शहराकडचे लोक या धंद्याला ‘डुकराची पिल्लं विकणं’ म्हणत. बराकीतून माणूस अधीक्षकापुढे जायचा. तिथे करार वाचून दाखवायचे, चिनी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत लिहिलेला. मग विचारायचे: स्वखुशीने जातोस ना?

आता त्या माणसाच्या जागी उभं राहून पाहा. ज्याने आणलं तो बाहेर उभा आहे. ‘नाही’ म्हटलं तर रात्री पुन्हा त्याच बराकीत जायचंय. क्यूबात जबान्या देणाऱ्यांनी हेच सांगितलं: नाही म्हटलेल्यांना परत नेऊन मारलं आणि पुन्हा उभं केलं. कुणाच्या जागी दुसऱ्याच माणसाने ‘हो’ म्हटलं. वहीत मात्र ‘हो’ एवढंच चढलं. माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नाभोवती आहे. प्रश्न विचारला जात होता, फक्त अशा ठिकाणी की तिथे त्याला एकच उत्तर होतं.

इंग्रजांची तऱ्हा वेगळी. १८५२ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात या भरतीवरून दंगल झाली होती. त्याच वर्षी ‘रॉबर्ट बाउन’ या अमेरिकन जहाजावरच्या मजुरांनी कप्तानाला मारून जहाज ताब्यात घेतलं होतं. बोंबाबोंब झाल्यावर १८५५ मध्ये ब्रिटिश संसदेने चिनी उतारूंचा कायदा केला. जहाजावर डॉक्टर हवा, औषधं हवीत, ठरलेलं अन्न-पाणी हवं, आणि निघण्याआधी स्थलांतर अधिकाऱ्याने प्रत्येकाला कुठे चाललास ते कळतंय ना, हे पाहायचं. माणशी जागा १२ चौरस फूट, म्हणजे सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद. घरातली एक सतरंजी लांबीतून दुमडून त्यावर पडून पाहा. कित्येक आठवडे त्यावर काढायचे होते, आणि ही जागा *कायद्याने सुधारलेली* होती.

कायद्यातल्या फटी दोन. सात दिवसांहून लहान प्रवासाला तो लागूच नव्हता. दुसरी फट मोठी: हाँगकाँगहून निघणारं जहाज आणि चीनच्या किनाऱ्यावरचं ब्रिटिश जहाज एवढंच त्याच्या कक्षेत. दुसऱ्या देशाचा झेंडा लावून समोरच्या मकावातून निघालं की मोकळं रान. झालं तसंच, धंदा मकावला सरकला. जहाजांची डागडुजी आणि सामानसुमान मात्र पुढेही बरीच वर्षं हाँगकाँगात भरलं जात होतं.

ऑक्टोबर १८५९ मध्ये ‘फ्लोरा टेंपल’ हे जहाज मकावहून हवानाला निघालं आणि दक्षिण चिनी समुद्रात खडकावर आपटलं. गोरे खलाशी होड्यांत बसून निघून गेले. मागे ८५० चिनी माणसं राहिली, ती सगळी गेली. मे १८७१ मध्ये ‘डॉन जुआन’ला मकाव सोडल्यावर दोनच दिवसांत आग लागली. खाली उतरायच्या झडपांवर लोखंडी जाळ्या ठोकलेल्या होत्या, शेकडो माणसं आतच संपली. बंदर सोडताना या माणसांनीही कुठल्या तरी टेबलापुढे उभं राहून ‘हो’ म्हटलं असणार.

मग चीनचं सरकार काय करत होतं? छिंग राजवटीच्या कायद्यात परदेशी जाणं हाच गुन्हा होता, देहदंडापर्यंतचा. तो कायदा औपचारिकपणे १८९३ पर्यंत निघाला नव्हता. जी गोष्ट कागदावर घडतच नाही, तिच्यावर देखरेख कोण ठेवणार? १८५९ मध्ये कँटन इंग्रज-फ्रेंचांच्या ताब्यात असताना तिथे अपहरणं इतकी वाढली की लोकांनी दलालांना भर रस्त्यात ठेचून मारलं. तेव्हा कुठे तिथल्या चिनी अधिकाऱ्यांनी स्वखुशीच्या स्थलांतराला मान्यता देऊन परवान्याची भरती-केंद्रं चालू केली. १८६० च्या पेकिंग करारात ही मुभा पक्की झाली. १८६६ मध्ये चीनचा राजपुत्र गोंग आणि इंग्रज-फ्रेंच वकील, म्हणजे राजदूत, यांनी मिळून नियम ठरवले: करार पाच वर्षांचा, आठवड्यात सहा दिवस काम, दिवसाला साडेनऊ तास, मुदत संपल्यावर मालकाच्या खर्चाने परतीचा प्रवास. मला विचाराल तर त्या काळातला हा सगळ्यात माणुसकीचा कागद. लंडन आणि पॅरिसने त्याला मंजुरी दिली नाही. मळेवाल्यांना परतीचं भाडं परवडणार नव्हतं.

आणि मग येतं १८७४. छन लानबिन हा चिनी अधिकारी, सोबत चिनी कस्टम्समधले मॅकफर्सन आणि ह्यूबर हे दोघे युरोपियन, १७ मार्चला हवानाला उतरले. ८ मेला निघाले. जेमतेम सात आठवडे. तेवढ्यात हवाना, मातान्सास, कार्देनास, सिएनफुएगोस असं फिरून मळ्यांत, तुरुंगांत, कोंडवाड्यांत जाऊन १,१७६ जबान्या घेतल्या. १,६६५ सह्यांचे ८५ अर्ज घेतले. निष्कर्ष असा की दहातले आठ जण पळवून किंवा फसवून आणलेले, आणि दहातला एकाहून जास्त वाटेतच गेलेला.

प्रश्न तोच होता, स्वखुशीने आलास का? फक्त या वेळी विचारणारा आपल्या देशाचा, आपल्या भाषेत बोलणारा. दलाल हजारो मैल मागे राहिलेला. उत्तर एकदम उलटं आलं.

लांबलं, माफ करा. इतरांनी भर घालावी, चुकलं असेल तर सांगावं.

---

पिंपळपान

ताई, अंगावर काटा आला. एक शंका. आठ वर्षं संपल्यावर तरी सुटका होत होती का?

---

शिडाचं गलबत

@पिंपळपान, बहुतेकांची नाही. क्यूबा तेव्हा स्पेनची वसाहत. १८६० च्या स्पॅनिश नियमांनी करार संपलेल्याने दोन महिन्यांत एकतर नवा करार करायचा, नाहीतर क्यूबा सोडायचं. महिना चार पेसोत परतीचं भाडं कुठून जमणार? शिवाय सेदुला नावाचा ओळखीचा कागद जवळ हवा. तो नसला की पकडून सरकारी कोंडवाड्यात, आणि तिथून बिनपगारी रस्त्याच्या कामावर. कागद द्यायचा मालकाने, आणि कागद नसल्याची शिक्षा मजुराला. देखरेखीच्या नावाखाली केलेल्या नियमांत मला हाच सगळ्यात दुष्ट वाटतो. आत्महत्यांवरही अहवालात एक स्वतंत्र भाग आहे. तो मी एकदाच वाचला.

---

उलट तपासणी

उत्तम धागा. वकिलीच्या नजरेतून दोन गोष्टी.

पहिली क्वोक-आ-सिंगची. १८७० मध्ये ‘नूव्हेल पेनेलोप’ हे फ्रेंच जहाज मकावहून पेरूला निघालं. मजुरांनी बंड केलं, कप्तान आणि काही खलाशी मारले गेले, जहाज परत फिरलं. बंडवाल्यांपैकी क्वोक-आ-सिंग हाँगकाँगात सापडला. त्याला चीनच्या हवाली करायचं की नाही, हा मामला सरन्यायाधीश जॉन स्मेल यांच्यापुढे आला. स्मेल यांनी त्याला १८७१ मध्ये सोडून दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्याला पळवून कोंडलंय त्याला सुटण्यासाठी बळ वापरायचा हक्क आहे. मामला पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वसाहतींच्या शेवटच्या अपील-कोर्टापर्यंत, गेला. पण वसाहतीतल्या एका न्यायाधीशाने मजुराच्या अंगठ्याच्या पलीकडे जाऊन पाहिलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. करारावर अंगठा आहे, म्हणजे संमती आहे, इथेच आपल्याकडची कोर्टंसुद्धा कितीदा थांबतात.

दुसरी ‘मारिया लूझ’ची, तुमच्या मुद्द्याला अगदी चपखल बसते. जुलै १८७२. मकावहून पेरूच्या काय्याओ बंदराकडे निघालेलं हे पेरूचं जहाज वादळात मोडतोड होऊन योकोहामाला थांबलं. आत २३० च्या आसपास चिनी माणसं. एक जण रात्री उडी मारून पोहत समोरच्या ‘आयर्न ड्यूक’ या ब्रिटिश युद्धनौकेपर्यंत गेला. त्याला जपानी अधिकाऱ्यांकडे दिलं. त्यांनी, याला शिक्षा करणार नाही असा शब्द घेऊन कप्तानाकडे परत पाठवलं. कप्तानाने शब्द मोडला.

पुढे परराष्ट्रमंत्री सोएजिमा तानेओमी यांच्या पाठिंब्याने कानागावाचे अधिकारी ओए ताकू यांनी चौकशी बसवली. सगळ्यांना जमिनीवर उतरवलं आणि विचारलं. कुणालाच जहाजावर परत जायचं नव्हतं. जपानने त्यांना सोडवून चीनला परत पाठवलं. पेरूने भरपाई मागितली, वाद रशियाच्या झारपुढे लवादाला गेला आणि १८७५ मध्ये निकाल जपानच्या बाजूने लागला. कप्तानाच्या वकिलाने त्या खटल्यात विचारलं होतं, तुमच्याच देशात मुली करारावर वेश्यागृहांना विकल्या जातात त्याचं काय? जपानला हे लागलं, आणि १८७२ मध्येच त्या करारांतून मुलींना मुक्त करण्याचा हुकूम निघाला. तो अमलात किती आला, हा वेगळा विषय.

---

जुनी गिरणी

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. सगळेच फसलेले होते असं चित्र उभं राहतंय. त्या काळात ग्वांगडाँगमध्ये, म्हणजे कँटनच्या प्रांतात, काय चाललं होतं ते बघा. तायपिंगचं बंड, शिवाय पुंती आणि हाक्का लोकांची १८५५ पासून बारा-एक वर्षं चाललेली आपसातली लढाई. गावंच्या गावं जळत होती. घरी उपाशी मरण्यापेक्षा समुद्र बरा, असा हिशेब करून निघालेलेही असतीलच. कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियाला तर हजारो चिनी लोक भाडं उधार घेऊन आपल्या पायांनी गेले.

---

शिडाचं गलबत

@जुनी गिरणी, राग कसला, मुद्दा बरोबर आहे. ब्रिटिश गयानाला कँटनच्या परवाना केंद्रांतून काही लोक बायकामुलांसह गेले, त्यांचे हाल तुलनेने कमी झाले. पण त्याच पुंती-हाक्का लढाईत हरलेल्या बाजूचे कैदी मकावच्या दलालांना विकले गेले, हेही खरं. उपासमारीने निघालेल्या माणसालासुद्धा आपण आठ वर्षांसाठी कुठे चाललोय, परत कधी येणार, हे कळायचा हक्क होता. गरजेपोटी दिलेला होकार मी खोटा म्हणत नाही. त्या गरजेचा फायदा घेऊन लपवलेली माहिती, ती मला डाचते.

---

मांडवीची लाट

गोव्याचा एक धागा जोडते. १८४४ पर्यंत मकावचा कारभार पणजीहून चालायचा, पोर्तुगीज भारताचाच तो भाग. पहिलं जहाज हवानाला लागायच्या तीनच वर्षं आधी तो वेगळा झाला. म्हणजे या धंद्याशी गोव्याचा थेट संबंध नाही. पण सही, शिक्का आणि वही यांच्यावर भिस्त ठेवणारा जो कारभार आमच्याकडच्या जुन्या दप्तरांत दिसतो, तोच मकावात होता, हे वाचताना सारखं जाणवत होतं.

पोर्तुगालची बाजू म्हणून नव्हे, पण नोंद असावी. एसा द केरोश हा त्यांचा थोर कादंबरीकार १८७२ पासून हवानाला पोर्तुगालचा वकील, म्हणजे कॉन्सल, होता. मकावहून आलेले चिनी मजूर नावापुरते तरी पोर्तुगीज संरक्षणाखाली येत. त्याने या लोकांच्या स्थितीबद्दल लिस्बनला कडक शब्दांत लिहिलं. अखेर डिसेंबर १८७३ मध्ये मकावच्या गव्हर्नरने बंदीचं फर्मान काढलं आणि मार्च १८७४ च्या शेवटी तो बाजार उठला. छन लानबिन त्याच महिन्यात हवानात जबान्या घेत होता.

---

पिंपळपान

मग त्या अहवालाचा पुढे उपयोग झाला का?

---

शिडाचं गलबत

झाला. नोव्हेंबर १८७७ मध्ये चीन आणि स्पेनचा करार झाला, क्यूबाला करारावर मजूर नेणं बंद. १८७९ मध्ये हवानात चिनी वकिलात उघडली, म्हणजे तक्रार घेऊन जायला दार मिळालं. पेरूसाठी युंग विंग हा अधिकारी गेला होता. त्याने मजुरांच्या पाठींचे दोन डझन फोटो काढून आणले, चाबकाने सोललेल्या पाठी. पेरूचा वकील तिकडे सगळं छान असल्याचं सांगत असताना हे फोटो पुढे आले, की बोलायला जागा उरत नाही. चीनचा माणूस स्वतः जाऊन पाहून आला, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. तीस वर्षं हे काम दुसऱ्यांच्या कायद्यांवर सोडलं होतं.

---

सिंगापूरकर

इथे नोकरीनिमित्त नऊ वर्षं आहे, म्हणून इथलं सांगतो. १८७७ मध्ये सिंगापुरात चिनी संरक्षक कार्यालय उघडलं. प्रमुख विल्यम पिकरिंग. त्याला चिनी बोलता येत होतं, तेही एकाहून जास्त बोलींत. मलायातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांत तोवर असा माणूस नव्हता. भाडं न भरता आलेल्या मजुराला ‘सिंखे’ म्हणत, म्हणजे नवा पाहुणा. त्यांना उतरल्यावर दलालाच्या तावडीत जाऊ न देता अधिकाऱ्यांनी आधी विचारपूस करायची, करार नोंदवायचा, अशी पद्धत पडली. दलाल आणि गुप्त टोळ्यांना ते खपलं नाही. १८८७ मध्ये एका सुताराने पिकरिंगच्या कचेरीत शिरून त्याच्या डोक्यावर कुऱ्हाडीचं पातं फेकलं. तो वाचला, पण पुन्हा पहिल्यासारखा उभा राहिला नाही. प्रश्न विचारणाऱ्याला भाषा येत असेल तर काय फरक पडतो, एवढ्यासाठी हे लिहिलं.

---

उलट तपासणी

जोडीला १९०४ चं दक्षिण आफ्रिकेतलं ट्रान्सवाल आठवा. ब्रिटन आणि चीनमध्ये रीतसर करार, सोन्याच्या खाणींसाठी तीन-चार वर्षांत ६३,००० हून अधिक चिनी मजूर, त्यांच्यासाठी वेगळं खातं आणि अधीक्षक, जोहान्सबर्गला चिनी वकील. मागच्या सगळ्या चुकांतून शिकून बांधलेली यंत्रणा. आणि १९०५ मध्ये उघड झालं की खाणींत मजुरांना फटके मारले जात होते, वरच्यांनी त्याकडे काणाडोळा केला होता. १९०६ च्या ब्रिटिश निवडणुकीत ‘चिनी गुलामगिरी’ ही घोषणाच झाली. तीत मजुरांबद्दलची कणव किती आणि राजकारण किती, हे वेगळं तपासायला हवं. १९१० पर्यंत सगळ्यांना परत पाठवलं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आपले गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या कायदेमंडळात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत जाणारे हिंदी गिरमिटिये थांबवा म्हणून ठराव मांडत होते. १९१२ मध्ये त्यांनी सगळी पद्धतच बंद करा म्हणून ठराव आणला, तो सरकारने हाणून पाडला. नियम सुधारत बसण्यापेक्षा मुळावर घाव, ही त्यांची भूमिका ट्रान्सवालची कथा वाचल्यावर जास्त पटते.

---

मोका

मॉरिशसहून लिहितो आहे. माझी मराठी घरातली आणि शाळेतली, सांभाळून घ्या.

आमचे पूर्वज कोकणातले, मुंबई बंदरातून आले. गणपती आणि झाकरी अजून चालू आहे. १८३० च्या दशकात आलेल्यांचे इतके हाल झाले की कंपनी सरकारने भरती थांबवली. १८४२ मध्ये पुन्हा सुरू केली तेव्हा कलकत्ता, मद्रास, मुंबईला स्थलांतरितांचा संरक्षक नेमला. तोही हाच प्रश्न विचारायचा. इथल्या महात्मा गांधी संस्थेत आमच्या लोकांच्या नोंदी आहेत, नाव, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण, नंबर. ‘स्वखुशीने आलो’ असंच सगळ्यांचं. ताईंचा लेख वाचून प्रथमच वाटलं, आमच्या पणजोबांच्या वडिलांना हे कुणी, कुठल्या भाषेत विचारलं असेल? मालवणीत तर नक्कीच नाही.

---

रत्नांग्री

मी इथे फारशी लिहीत नाही, पण मोकादादांचं वाचून राहवलं नाही.

माझा धाकटा काका १९९४ मध्ये आखाताला गेला, वायरमन म्हणून. मुंबईतल्या एका एजंटने भरती केली. १९८३ च्या कायद्याने स्थलांतरितांच्या संरक्षकाच्या कचेरीतून मंजुरी लागायची, ती घेतली. तिथल्या साहेबांनी विचारलं, करार वाचलात ना? सगळं मान्य आहे ना? एजंटचा माणूस खांद्याला खांदा लावून उभा. काकाने घरची कलमांची बाग गहाण टाकून पैसे भरले होते. तो ‘हो’ म्हणाला. तिकडे उतरल्यावर पासपोर्ट काढून घेतला आणि दुसरा कागद पुढे केला, अरबीत. पगार जवळपास निम्मा, काम वायरमनचं नाही, बांधकामावर विटा वाहायचं. काकाने सही केली. दोन वर्षं दहा महिने काढून आला. पहिले चार महिने त्याने घरी एक पत्र लिहिलं नाही. आजी रोज पोस्टमनची वाट बघत अंगणात बसायची. आल्यावर त्याने काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. तो आला हेच खूप होतं.

---

शिडाचं गलबत

रत्नांग्री, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल काय बोलू. काका आता कसे आहेत? त्यांची तयारी असेल तर, आणि तयारी असेल तरच, विचारून पाहा. हवानातल्या त्या जबान्या नसत्या तर आज आपल्या हातात फक्त मकावच्या वहीतलं ‘हो’ असतं.

---

रत्नांग्री

काका बरा आहे, गुडघे दुखतात. काल रात्री जेवणं झाल्यावर त्याला हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. सहा फूट बाय दोन फूट आलं तेव्हा म्हणाला, आमच्या खोलीत चौदा जण होते, तेवढीच आली असेल वाट्याला. मग बराच वेळ गप्प होता. काकू आत निघून गेली. अकराच्या सुमाराला आपणहून बोलायला लागला. मी वही घेतली. पहाटे अडीचपर्यंत सहा पानं झाली, आज पुढचं सांगतो म्हणालाय. पहिल्या पानावर तारीख आहे, विमानतळावर न्यायला आलेल्या माणसाच्या शर्टाचा रंग आहे, आणि पासपोर्ट कुठल्या खिशातून काढून दिला ते.